मदत हवी आहे: जुन्या इमारतीतला वरचा मजला आणि गच्ची

नमस्कार मंडळी. जुन्या, वारसा वस्तीतल्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला घ्यायचा विचार चालू आहे. पोटमाळ्यासारखी उंच खोली, लाकडी तुळया उघड्या, आणि वर स्वतःची गच्ची. पाहताक्षणी जीव जडला, खरं सांगते.

पण गच्चीनेच झोप उडवली आहे. कोपऱ्यात फरशीचे सांधे काळे पडलेत, आणि नेमक्या त्याच्या खाली तुळईच्या टोकाला बोट लावलं तर भुसा हातात आला. वाळवी की ओल? मालक म्हणतात, जुना डाग आहे. मला पटत नाही.

शिवाय मला तिथे झाडं लावायची आहेत. १० सेंटिमीटर पाणी साचलं तरी चौरस मीटरला १०० किलो भार होतो, ओल्या मातीचा तर त्याहून जास्त. लाकडी तुळयांना तो पेलेल का?

व्यवहाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नेमकं काय काय तपासून घ्यावं? गच्चीवर पाणी साठवून चाचणी घ्यायला सांगावी, की कुजक्या तुळईवर तोच धोका? वारसा यादीतल्या इमारतीत वॉटरप्रूफिंगलाही परवानगी काढावी लागली का कुणाला? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.