एमएस्सी प्रोजेक्ट: मुलांच्या ल्युकेमियावर (रक्ताच्या कॅन्सरवर) क्रिस्पर, म्हणजे जनुक कापायचं तंत्र, बजेट १५ हजार. सेल लाईन (लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या पेशी) सुचवा

रंकाळा_बायोटेक: शिवाजी विद्यापीठ, शेवटचं वर्ष. ईटीव्ही६ आणि रनएक्स१ ही जनुकं काही बाळांत जन्माआधीच जुळलेली असतात, तरी त्यातल्या बहुतेकांना ल्युकेमिया होत नाही. पुढं आणखी बिघाड व्हावा लागतो. तो बिघाड पेशीत मुद्दाम घडवून बघायचाय. कोणती लाईन घेऊ?

राजारामपुरीकर: भावा, डोळे झाकून जर्काट घे. १४ वर्षांच्या पोराच्या रक्तातली, झपाट्यानं वाढते. माझं सगळं काम तिच्यावरच झालं. आणि इलेक्ट्रोपोरेटर (विजेच्या धक्क्यानं पेशीत क्रिस्पर घालायचं मशीन) स्वतःचा घे, दुसऱ्याच्या मशीनवर वेळ मिळत नाही.

बावडेकर: १५ हजारात इलेक्ट्रोपोरेटर? चांगल्या एफबीएसच्या (पेशी वाढवायच्या सीरमच्या) बाटलीतच पैसे संपतील की. शिवाय जर्काट टी-सेलची, ह्याचा प्रश्न बी-सेलचा. आरईएच घे, ईटीव्ही६-रनएक्स१ चं जोडजनुक तिच्यात आहेच.

पेशीवाली_ताई: आरईएचच. पण उसनी आणू नकोस. आमच्याकडं दुसऱ्या लॅबच्या फ्लास्कमधून मायकोप्लाझ्मा जंतू आला, अख्खा इनक्युबेटर रिकामा करावा लागला. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीसंग्रहाला विचार.

शाहूपुरी_७: त्यापेक्षा कार-टी (कॅन्सर मारायला बदललेल्या टी-सेल) कर. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, अभिमानाची गोष्ट आहे.

बावडेकर: अभिमान आहेच, पण त्यात जनुक विषाणूवाटे आत घालतात, कापत नाहीत. विषय भरकटवू नका.

राजारामपुरीकर: जर्काटच. सस्पेन्शनच्या (द्रवात तरंगत वाढणाऱ्या) पेशी जनुक आत घालायच्या लिपिडवाल्या किटला दाद देत नाहीत, म्हणून मशीन म्हणालो.

पोस्टडॉक_कोल्हापूरचा: मूळ प्रश्नाकडं या. आरईएचमध्ये ईटीव्ही६ची उरलेली चांगली प्रत आधीच गेलेली आहे. हा नेहमी दिसणारा दुसरा बिघाड. झालेला बिघाड तिथं परत काय घडवणार? आजाराची सुरुवात बघायची तर निरोगी मूळपेशी लागतात. टोरांटोच्या गटानं २०२१ मध्ये गर्भाच्या यकृतातल्या मूळपेशींत जीएटीए१ आणि एसटीएजी२ ही जनुकं बदलून डाउन सिंड्रोममधला ल्युकेमिया उंदरांत उभा केला. १५ हजारात ते जमणार नाही. डेपमॅप या साईटवर शेकडो सेल लाईन्सचा क्रिस्पर डेटा फुकट आहे, संगणकावरच प्रोजेक्ट कर.

पेशीवाली_ताई: डेपमॅपला माझंही मत. बायोसेफ्टी समितीची परवानगीही लागणार नाही.

रंकाळा_बायोटेक: पोस्टडॉकदादा, हे कळलं नसतं तर वर्ष वाया गेलं असतं. पण मला पेशी हातानं वाढवायच्याच आहेत. आरईएचच घेतोय, फक्त प्रश्न उलटा केलाय: जोडजनुकच कापायचं आणि त्याच्याशिवाय पेशी तगतात का ते बघायचं. इलेक्ट्रोपोरेटर डिपार्टमेंटचा आहे, एफबीएस सर देतायत. समितीचा अर्ज भरायला घेतलाय. गाईड (क्रिस्परला कापायची जागा दाखवणारा आरएनए) दोन्ही जनुकांच्या सांध्यावर ठेवू की रनएक्स१ च्या बाजूला?