पावसाळ्याची भीती आणि सकाळचं वचन : मदत हवी आहे

जय ख्रिस्त. आम्ही कोल्हापुरात पंचगंगेच्या काठाजवळ राहतो. २०१९ ला घरात पाणी आलं, २०२१ ला परत. तेव्हापासून जून उजाडला की माझ्या पोटात गोळा येतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेली, की झोप संपली. ४३ ही तर धोक्याची. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचं कळलं की हात थरथरतात.

दीड महिना झाला, रोज पहाटे बायबल वाचते. स्तोत्रसंहितेपासून, म्हणजे त्यातल्या स्तोत्रांच्या पुस्तकापासून, सुरुवात केली. २३ वं, ९१ वं स्तोत्र वाचून बरं वाटतं. पण ६९ वं उघडलं तर पहिल्याच ओळीत पाणी गळ्याशी आलेलं! मिटूनच ठेवलं त्या दिवशी. (नंतर वाटलं, ते स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या दावीद राजालाही असंच होत होतं तर.) यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ४३ व्या अध्यायात जलांतून चालताना देव सोबत असेल असं आहे, ते वचन कागदावर लिहून फ्रीजला लावलंय.

अडचण ही की मोबाईलवर वाचते, आणि दोन ओव्या झाल्या की बोट आपोआप पाणीपातळीकडे जातं. छापील बायबल घेऊ का? क्रमाने वाचावं की भीतीवरची वचनं निवडून? मोठ्याने वाचून कुणाला फरक पडलाय का?

डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्या सोडणार नाही. चर्चच्या मंडळीतल्या एका मावशींना तो विश्वासाचा कमीपणा वाटतो. त्यांना काय उत्तर द्यावं, तेही सांगा.