नदीकाठचे फोटो: काढलेले आणि सोडून दिलेले

मंडळी, नदीकाठी कॅमेरा घेऊन फिरणारे आपल्यात बरेच आहेत. कुणी पहाटे चिखलात बसून पक्ष्यांची वाट बघतं, कुणाला नुसतं पाणी आणि धुकं पुरतं. या धाग्यावर दोन गोष्टी लिहा. नदीवर काढलेला, मनातून न गेलेला एक फोटो. आणि समोर असूनही सोडून दिलेला एक. वेळ, ठिकाण, सेटिंग लिहिलंत तर नवीन लोकांना उपयोग होईल. घरट्याची नेमकी जागा मात्र कृपया कुणीच लिहू नका.

सुरुवात मीच करतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडी पाट आहे. मुळा-मुठेचं पाणी तिथे बंधाऱ्यावरून खाली पडतं आणि हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, शराटी, धोबी असा सगळा पक्ष्यांचा मेळा जमतो. त्याच पाण्यावर पांढरा फेस असतो आणि शहराने सोडलेलं सगळं काही. कित्येक वर्षं मी तिथे एकच कसरत करत होतो: चौकटीत प्लास्टिक येऊ द्यायचं नाही. पिशवी दिसली की दोन पावलं सरकायचं, एफ ५.६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून, मागचं धूसर करायचं, उरलंसुरलं घरी कापायचं.

एका जानेवारीत समोर शेकाट्या पक्षी होता. लांब गुलाबी पाय, आणि उजव्या पायाला दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळलेला. तो पाय उचलायचा, झटकायचा, परत पाण्यात ठेवायचा. दोन पावलं चालून पुन्हा तेच. मी मुद्दाम एफ ११ वर गेलो. मागचा फेस, थर्माकोल, पुराने झाडाच्या फांद्यांना अडकवलेल्या चिंध्या, सगळं स्पष्ट येऊ दिलं. आज माझ्या भिंतीवर तो एकच फोटो आहे. तुकडा शेवटी सुटला का, ते मला दिसलं नाही. शेकाट्या उडून पलीकडे गेला.

सोडलेल्या फोटोचं शेवटी लिहितो. आधी तुमचं येऊ द्या.

गोदाकाठ, निफाड

नांदूर मध्यमेश्वर माझ्या गावापासून सायकलच्या अंतरावर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. शंभर वर्षांत मागे गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती माजली आणि पक्षी आले. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत महाराष्ट्रातून पहिलं नाव याच जागेचं, २०१९ साली.

लोक दुर्मीळ पक्ष्यांमागे पळतात, मी वारकऱ्यांचे फोटो काढतो. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी. इतके असतात की कुणी त्यांच्याकडे बघत नाही. एकदा मनोऱ्यावर बसलो होतो. पाण्यावर तीन-चारशे वारकरी विखुरलेले, निवांत चरत होते. एकाएकी सगळे एका जागी सरकू लागले. वर बघितलं तर भोवत्या हा शिकारी पक्षी, पंख थोडे वर उचलून अगदी खालून घिरट्या घालत होता. अर्ध्या मिनिटात त्या तीन-चारशेंचा एकच काळा गोळा झाला आणि भोवत्या डोक्यावर आला की सगळा गोळा पायांनी पाणी उडवायचा. पांढऱ्या तुषारांची भिंतच उभी राहायची. कुणी एकटा सापडेना, तसा तो कंटाळून गेला. शटर १/२००० सेकंद ठेवलं होतं म्हणून थेंबन् थेंब आला.

सोडलेला फोटो असा नाही माझ्याकडे. पण त्या दिवसानंतर वारकऱ्यांना 'नेहमीचेच' म्हणणं सोडलं.

नवशिकी, कोल्हापूर

मी पंचगंगेच्या घाटावर सकाळी जाते. लेन्स ७०-३०० आहे. बगळा काढला की नुसता चुन्यासारखा पांढरा येतो, पिसंच दिसत नाहीत. काय चुकतं?

धागाकर्ता

ताई, मागे गडद पाणी असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो सगळंच उजळ करतो आणि बगळा जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ करून बघा. चकचकीत पाण्यावर पाणकावळा असेल तर उलट, अधिक १ च्या आसपास. आणि घाटाच्या वरच्या पायरीवरून काढू नका. जितक्या खाली बसाल तितका पक्षी त्याच्या नदीत दिसेल.

कृष्णाकाठ, सांगली

वरच्या उत्तराला एक जोड. खाली बसा हे खरं, पण आमच्या कृष्णेत मगरी आहेत आणि माणसं गेलेली आहेत. पाण्याला टेकून, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून एकट्याने बसू नका. मी काठापासून चांगला मागे बसतो आणि सोबतीला कुणाला तरी पाण्यावर नजर ठेवायला सांगतो.

मी पक्ष्यांपेक्षा नदीच जास्त काढतो. १९२९ सालचा आयर्विन पूल थंडीत पहाटे धुक्यात अर्धा बुडालेला असतो. कमानी वर, खाली काही नाही. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं की पाणी आणि धुकं एकच होतं. असे पन्नास तरी फोटो असतील.

न काढलेला फोटो त्याच पुलाचा. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत पहिला मजला पाण्यात. कॅमेरा वरच्या खोलीत, बॅटरी भरलेली. शेजारच्या आजींना खिडकीतून होडीत उतरवलं तेव्हा त्यांनी एका हातात देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आणि दुसऱ्या हातात मांजर धरलं होतं. हात रिकामे असते तरी मी तो फोटो काढला नसता. त्यांचं घर जात होतं.

पाणी उतरल्यावर मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, जमिनीत नदीने काठ उभा कापून टाकला होता. शेतकऱ्याचं फार नुकसान झालं. पुढच्या हंगामात त्याच ताज्या दरडीत पाकोळ्यांनी आणि वेड्या राघूंनी बिळं केली. त्यांना अशी उभी, मऊ मातीची दरड सोयीची पडते. मालकाने मला स्वतः नेऊन दाखवलं आणि म्हणाला, "जमीन माझी गेली, घरं यांची झाली. असू द्या." जागा विचारू नका, सांगणार नाही.

चंबळ, ग्वाल्हेर

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात. आईशी मराठी, नावाड्याशी ब्रज. चंबळ आम्हाला मोटारीने तासा-दीड तासावर. जनापावच्या डोंगरातून निघालेली ही नदी इतकी नितळ की होडीतून तळाची वाळू दिसते. घड्याल (लांब तोंडाच्या सुसरी), कासवं आणि माझा जीव की प्राण असलेला पक्षी, पाणचिरा.

पाणचिऱ्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब. चोच उघडून तो पाण्याला अगदी लागून उडतो आणि खालच्या चोचीने पाणी चिरत जातो, मागे रेघ उमटते. मासा लागला की चोच मिटली. हे टिपायला मला तीन उन्हाळे लागले. होडीत ट्रायपॉड चालत नाही, हलतो. तांदळाची पुरचुंडी होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवते. शटर १/२५००. आणि पक्ष्याच्या मागे लागायचं नाही. त्याची फेरी ठरलेली असते, तिच्या कडेला थांबायचं.

मार्च ते मे तो वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालतो. नदी आटली की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, कोल्हे, गुरं आत शिरतात. एका मे महिन्यात आमची होडी अशाच बेटाजवळ होती. मादी नदीत जाऊन पोट भिजवून परत येत होती आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसत होती, त्यांना थंडावा मिळावा म्हणून. मला समोरून फोटो हवा होता. मी नावाड्याला म्हटलं, भैया, पाच मिनिटं बेटावर उतरू द्या. त्याने वल्हं थांबवलं, वाळूत हात खुपसून मूठभर वाळू माझ्या तळहातावर ठेवली. मला ती धरवेना. मी मुकाट्याने लेन्सवर झाकण लावलं.

दिवाडी, गोवा

थोडक्यात. मांडवीच्या खारफुटीत जायचं तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. चोडणच्या सालीम अली अभयारण्यात रायबंदरहून फेरीने जाता येतं. भरतीला होडी आत खाडीत शिरते, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पाणथळीचे पक्षी त्यावर उतरतात. दोन्हींचे फोटो वेगळे. आणि एसी गाडीतून कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. दमट हवेने माझ्या एका लेन्सला बुरशी लागली, त्यानंतर सिलिका जेलची पुडी बॅगेत कायम.

धानाची बांधी, गोंदिया

आमच्याकडे सारस आहे. महाराष्ट्रात तो आता जवळपास आमच्याच भागात उरला, वैनगंगा आणि बाघ नदीच्या आसपास. माणसाएवढा उंच, जोडीने राहणारा. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच, म्हणजे भाताच्या खाचरातच, घरटं करतो, त्यात थोडं धान मोडतं.

माझा लाडका फोटो सारसाचा नाही, बांधीवर बसलेल्या एका काकांचा आहे. त्यांच्या बांधीत घरटं होतं. पिल्लं निघेपर्यंत त्यांनी तेवढ्या तुकड्यात निंदण केलं नाही, फवारा मारला नाही. मी विचारलं, काका, नुकसान नाही का? ते म्हणे, "भाऊ, माझ्या बापाच्या वेळेस बी इथंच होते ते." मागे दूर, धूसर, दोन लाल माना. फोकस मी काकांच्या हातावर ठेवला.

घरट्याचा फोटो काढला नाही. लोक अजून मागतात.

धागाकर्ता

आता माझं राहिलेलं. कवडी पाटचं तेच पाणी पुढे भीमेला मिळतं आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात येतं. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातो ते या पाण्यावर.

कुंभारगावहून पहाटे होडी घेतली. चालवणारा विशीतला पोरगा. दीडेकशे रोहित उथळ पाण्यात चरत होते, डोकं उलटं पाण्यात, पाय एका जागी गोल नाचवत. अजून उन्हं यायची होती. पोराने विचारलं, "दादा, उडवू का? सगळे उडालेलाच मागतात." पंखांखालचा लाल-काळा रंग उडतानाच दिसतो, मलाही तोच हवा होता. मी नको म्हटलं. शेजारच्या होडीने मात्र इंजिन चढवून सरळ थव्यात घातलं. थवा उठला, तो रंग आमच्याही डोक्यावरून गेला. माझा कॅमेरा मांडीवर होता.

ते लांब जाऊन उतरले. पोराने इंजिन बंद केलं, बांबू काढला आणि आम्ही तिथेच उभे राहिलो. तासाभराने चरता चरता त्यातले काही आमच्याकडे सरकले, इतके जवळ की चोचीतून पाणी गाळल्याचा बारीक चुळचुळ आवाज ऐकू येऊ लागला. पोरगा कुजबुजला, "हे मी बी कधी ऐकलं नव्हतं."