परीक्षा पास झाल्यावर वाचायचं काय?

कुणीतरी म्हटलंय की प्रौढ साक्षरता हे शाळेचं काम, वाचनालयाचा काय संबंध. मला अजिबात पटलेलं नाही. उल्लास या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता योजनेत (२०२२ ते २७) पंधरा वर्षांवरच्यांची १५० मार्कांची परीक्षा होते, वाचन लेखन संख्याज्ञान प्रत्येकी ५०, पास झाली की सर्टिफिकेट, आणि मग पुढं? घरात वाचायला कायच नसतंय, शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही. तिथंच वाचनालय पाहिजे. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत, म्हणजे जागा हाय, कपाटं हायत. फक्त नवसाक्षर आला की त्याला बालविभागाकडं पाठवू नका. आमच्या शेजारच्या मावशी भाजी विकतात, त्यांना ससा-कासव नको असतंय, बचत गटाचं पासबुक, केएमटी बसचा बोर्ड, लाईटबिल वाचायचं असतंय. बिलावरचा आकडा त्या बोट ठेवून बरोबर वाचतात पण भरायची शेवटची तारीख कुठं लिहिलीय तेच सापडत नाही. असल्या कागदांचीच एक फाईल काउंटरवर ठेवा, मोठ्या टायपातली पातळ पुस्तकं ठेवा, आणि बाजार उठल्यावर संध्याकाळी एक टेबल त्यांच्यासाठी मोकळं. आणि अनामत रक्कम तेवढी माफ करा, त्यापायीच बायका दारातनं परत फिरतात.