मदत हवी आहे: यादवांचा नाश शापाने की स्वतःच्या मर्जीने?

नमस्कार मंडळी. ‘माणसाला मोकळीक मिळाली की तो स्वतःचाच घात करतो का?’ या विषयावर आमच्या वाचनकट्ट्यात बोलायचं आहे. उदाहरण म्हणून महाभारतातलं मौसलपर्व (यादवांच्या नाशाचं पर्व) घेतलंय आणि तिथेच अडकलेय.

कुरुक्षेत्राच्या युद्धानंतर गांधारीने दिलेला शाप 36व्या वर्षी फळला, कृष्णपुत्र सांबाच्या चेष्टेमुळे ऋषींनी दिलेला शाप वेगळाच: त्याच्या पोटी येणारं लोखंडी मुसळ कुळाचा नाश करेल. मग यादवांच्या हातात उरलं काय? पण वाचताना तसं वाटत नाही. त्या मुसळाचं चूर्ण करून समुद्रात टाकलं, द्वारकेत मद्य गाळायला बंदी केली, मोडणाऱ्याला सुळाची शिक्षा! म्हणजे शहाणपण होतं. तरी प्रभासला हीच मंडळी कृष्णासमोर पीत बसली. युद्धात रात्री झोपलेल्यांना मारल्यावरून सात्यकीने कृतवर्म्याला (दोघेही यादव वीर) टोचलं, कृतवर्म्याने सात्यकीने हात तुटलेल्या भूरिश्रव्याला मारल्याचा विषय काढला आणि मुडदे पडले. एरका गवताचं मुसळ झालं तो चमत्कार सोडा, पण टोमणा मारायला शापाने कुठे भाग पाडलं होतं?

गीतेत ‘यथेच्छसि तथा कुरु’ (18.63) म्हणणाऱ्या कृष्णानेही शेवटी आपल्याच लोकांवर एरका उचलावी, हे मात्र पचत नाही.

एकनाथी भागवत अकराव्या स्कंधावरच आहे, म्हणजे हा प्रसंग त्यात येतो. नाथांचा कल कुठे दिसतो? कुणी तो भाग बारकाईने वाचलाय का?

शिवाय उलट उदाहरणं हवीत. मला 1962च्या क्युबा पेचातला (अमेरिका-सोव्हिएत अणुयुद्धाच्या उंबरठ्यावरचा) सोव्हिएत पाणबुडीवरचा अधिकारी वासिली अर्खिपोव्ह तेवढा आठवतो. अण्वस्त्रधारी टॉर्पेडो सोडायला त्याने विरोध केला होता. आपल्याकडचं काही सुचतंय का?