प्रवेश परीक्षा न देता एम.एस्सी. बायोटेक करूच नये

मृदगंध:
बी.एस्सी.चे निकाल लागले की ओळखीतून फोन सुरू होतात. "बायोटेकला टाकतोय, कॉलेज जवळच आहे." माझं मत सरळ आहे. गॅट-बी किंवा जॅम या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या विभागात जागा मिळाली तर जरूर जा. नाही मिळाली तर लाखभर फी भरून जवळच्या विनाअनुदानित कॉलेजात दोन वर्षं घालवू नका. वर्षभर थांबून परत परीक्षा द्या, नाहीतर मायक्रोबायोलॉजी घ्या.

हा विषय हाताने शिकायचा आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्याच्या (डीबीटी) मदतीवर चालणाऱ्या विभागात गॅट-बीतून गेलेल्या मुलाला महिन्याला ५,००० रुपये विद्यावेतन मिळतं आणि रसायनांसाठी विभागाकडेही पैसा असतो. याउलट एका कॉलेजात मी बाहेरून परीक्षक म्हणून गेले होते. अख्ख्या बॅचला मिळून एकच अ‍ॅगरोज जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करायची जेलीसारखी चकती. त्यात सॅम्पल सरांनीच भरलेलं. मुलांनी पट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढून जर्नलला चिकटवला. मायक्रोपिपेटचा (थेंबभर द्रव मोजून घ्यायच्या साधनाचा) पहिला आणि दुसरा स्टॉप कशासाठी असतो, असं विचारलं तर निम्मी मुलं गप्प. दोष मुलांचा नाही, पण फी त्यांचेच आईवडील भरतात.

गोदाकाठ:
अजिबात सहमत नाही. मी मराठवाड्यात अशाच एका कॉलेजात शिकवतो. "वर्षभर थांबा" हे कुणाला सांगता? आमच्याकडे मुलीचं एक वर्ष मोकळं दिसलं की स्थळं यायला लागतात. एस.टी.च्या पासवर रोज घरी परतता येतं म्हणूनच तिला एम.एस्सी. करू देतात. तिच्यासाठी पर्याय पुणे विद्यापीठ की आमचं कॉलेज असा नसतोच. आमचं कॉलेज नाहीतर शिक्षण बंद, एवढाच असतो.

आणि साधनं कमी म्हणजे काम शून्य, हे कुणी ठरवलं? आमचा ऑटोक्लेव्ह बंद पडला तेव्हा मुलींनी प्रेशर कुकरवर माध्यम निर्जंतुक करून केळीचं ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) चालू ठेवलं. बाटल्यांत बुरशी आली, परत केलं, परत आली. शेवटी ती हवेतून नाही, कंदाच्या तुकड्यातूनच येते हे त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि धुण्याची पद्धत बदलली. ट्रायकोडर्मा बुरशी, अ‍ॅझोटोबॅक्टर जिवाणू यांवरही काम होतं, कारण ते इथल्या शेतकऱ्याला हवं असतं. हे बायोटेक नाही का?

डोंगरवाट:
मी लस बनवणाऱ्या कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. परीक्षा कोणती दिली हे आम्ही विचारत नाही. औषधाच्या तपासणीचा निकाल मर्यादेबाहेर गेला तर आधी काय कराल, हे विचारतो. नव्वद टक्केवाला म्हणतो, "परत टेस्ट लावीन." तिथेच संपलं. आधी कळवायचं, मग चूक आपल्या हातची होती का ते तपासायचं, तोवर नवी टेस्ट लावायची नाही. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. तो ना विद्यापीठात शिकवतात ना कॉलेजात.

मायक्रोबायोलॉजीबद्दल मात्र मृदगंध यांचं बरोबर आहे. स्टेरिलिटी (निर्जंतुकपणाची तपासणी), हवेतले जंतू पकडायच्या प्लेटा, पाण्याची तपासणी या जागांना आम्ही मायक्रोवालेच आधी बघतो. बायोटेकची मुलं क्लोनिंगची स्वप्नं घेऊन येतात आणि जंतूंच्या कॉलनी मोजताना वर्षाच्या आत कंटाळतात.

अबोली:
अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत बायोटेक्नॉलॉजीची पदवी चालते आणि त्याला बी.एस्सी. पुरते, हे कुणी मुलांना सांगत का नाही? सिंधुदुर्गात तरी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एम.एस्सी. हवीच का, हा प्रश्न आधी यायला हवा.

मृदगंध:
डोंगरवाट, तुमचा नियम मान्य, पण बायोटेक म्हणजे फक्त क्यूसी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, प्रयोगशाळेत बदलायच्या, वाढवायच्या आणि परत त्यालाच द्यायच्या. ती बॅच एकाच माणसाची असते. ती दूषित झाली तर कपाटात दुसरी नसते, आणि रुग्णाकडे तेवढा वेळही नसतो. दोन वर्षांत ज्याने पेशी संवर्धनाचा फ्लास्क हातात धरला नाही, त्याला तिथे कोण उभं करेल? मला काळजी आहे ती याची.

सावली:
मी लहान कॉलेजातून आले, नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती) मिळाली, आता पीएच.डी. करतेय. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आहे, त्यामुळे घरी पैसे मागावे लागत नाहीत. पण इथवर पोचले ती कॉलेजमुळे नाही आणि कॉलेज असूनही नाही. आमच्या विभागप्रमुखांनी चौथ्या सत्राचा प्रकल्प बाहेरच्या संशोधन संस्थेत करायला ना-हरकत पत्र दिलं. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखायची चाचणी) मी पहिल्यांदा तिथे केला. माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजने ते पत्र दिलं नाही, प्रकल्प आमच्याकडेच करा म्हणाले, आणि तिने जुन्या प्रबंधातला विषय फिरवून लिहिला. दोघींचे गुण सारखेच आहेत. तिला आज मुलाखतीत प्रकल्पाबद्दल दोन वाक्यांपुढे बोलता येत नाही.

ज्यांना नेट मिळत नाही त्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या, त्या-त्या समाजगटासाठीच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्याही बघाव्यात. पण नोंदणीच्या आधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हे विचारून घ्या.

गोदाकाठ:
ना-हरकतीचा मुद्दा पटला. आमच्याकडे पत्र देतात, पण पुण्यात सहा महिने राहायचा खर्च मुलगी कुठून आणणार, तिथे गाडं अडतं. राहायची सोय झाली तर आमच्या मुली कुठेही कमी पडणार नाहीत. "करूच नये" हे शीर्षक वाचून उद्या एखादा बाप मुलीचा फॉर्म मागे घेईल. ते बदला.

मृदगंध:
तुमच्यासारखे शिक्षक असतील तिथे माझा विरोध नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. शीर्षक मात्र बदलणार नाही, कारण जे कॉलेज जेल एकदाच ओततं तेही माहितीपत्रकात 'अत्याधुनिक प्रयोगशाळा' असंच छापतं. मुलगी घेऊन प्रवेशाला जाल तेव्हा कार्यालयात न बसता शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने काय केलं, ते विचारा. मुलं खोटं बोलत नाहीत. पैसे त्यानंतर भरा.