भिंत दोघांची १३ मिमी, मग आईलाच मॉडरेट का?

सांगलीची_पोर
आई-बाबांचा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) मागच्या आठवड्यात एकाच ठिकाणी, लागोपाठ केला. बीपी दोघांनाही, बाबांना पंधरा वर्षं, आईला नऊ. घरी कागद शेजारी ठेवून वाचले, तर डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंती दोघांच्याही १३ मिमी. बाबांना ‘माइल्ड एलव्हीएच’ (म्हणजे ही भिंत थोडी जाड), आईला ‘मॉडरेट’ (मध्यम). बाबा असे खूश, जणू पैज जिंकले. आई म्हणते, टाइप करणाऱ्याने घोळ घातला असेल. नॉर्मल म्हणून दोन्ही कागदांवर ६ ते ११ छापलंय. ईएफ, म्हणजे दर ठोक्याला कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते, दोघांचं ६०. तरी दुसरा मजला चढताना आईलाच मध्ये थांबावं लागतं. घोळ आहे का खरंच?

जुना_एकोवाला
२६ वर्षं प्रोब धरलाय. घोळ असलाच तर त्या छापील ६ ते ११ मध्ये. बायकांचं हृदय मुळात लहान, त्यामुळे त्यांच्यात ९ पर्यंत नॉर्मल, पुरुषांत १० पर्यंत. १३ म्हणजे पुरुषाला माइल्डची शेवटची पायरी, बाईला मॉडरेटची पहिली. पण नुसत्या भिंतीवर जाऊ नका. एलव्हीआयडीडी (कप्पा भरलेला असतानाची पोकळीची रुंदी), उंची, वजन टाका.

सांगलीची_पोर
आई: ४० मिमी, १५२ सेमी, ५८ किलो. बाबा: ४७ मिमी, १७० सेमी, ७४ किलो.

जुना_एकोवाला
हिशेब केला. डाव्या कप्प्याचं वजन शरीराच्या दर चौरस मीटरला आईचं ११९ ग्रॅम, बाबांचं १२७. आकडा बाबांचा मोठा, पण मर्यादा बाईला ९५, पुरुषाला ११५. म्हणजे बाबा १२ ने पुढे, आई २४ ने. पैज कोण जिंकलं ते बाबांना सांगा.

आता धाप. बीपीला तोंड देताना बायकांची भिंत जास्त करून आतल्या अंगाने जाडावते, पोकळी लहानच राहते. पुरुषांत पोकळीही मोठी होण्याकडे कल असतो. लहान पोकळी छान आवळते, म्हणून ईएफ ६० दिसतं. पण जाड भिंत सैल पडायला वेळ घेते आणि रक्त भरताना दाब मागे फुफ्फुसाकडे जातो. तेव्हा ईएफ नको, एलए (डावा वरचा कप्पा) व्हॉल्यूम आणि ‘ई बाय ई प्राइम’ (रक्त भरतानाच्या दाबाचा अंदाज) काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारा. धापेचं हेच एक कारण असेल असं नाही, हिमोग्लोबिनही बघतील.

आणि एक, आमच्याच धंद्याविरुद्ध. कर्सर जरा तिरका लागला की मिलिमीटर इकडचा तिकडे होतो, आणि वजनाच्या सूत्रात मापांचा घन असतो. दोन्ही भिंती १२ धरल्या तर आईचे ११९ चे १०६ होतात. माइल्डच की! पुढचा एको शक्यतो त्याच मशीनवर, त्याच माणसाकडून करा.

बेळगावची_काकू
मलाही ईएफ ६५ बघून ‘वय झालं, वजन कमी करा’ म्हणून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी एलए मोठा असल्याचं दाखवलं, बीपीच्या गोळ्या बदलल्या. दोन वर्षांनी भिंत १३ ची ११ झाली. आई गोळ्या रोज घेतात ना गं? मी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायचे.

सांगलीची_पोर
काकू, आत्ता डबा उघडून बघितला. महिन्याच्या तीसपैकी अकरा गोळ्या शिल्लक! बाबांच्या बरोब्बर संपल्यात, कारण त्यांना रोज आठवण आईच करते. शुक्रवारची वेळ घेतलीय, दोन्ही कागद नेते.